दोन बटणांचं यंत्र

सोमवार, ३
नोकरी मिळाली! बायंडिंगच्या कारखान्यात कागद कापायचं जुनं यंत्र माझ्या हवाली केलंय. त्याला दोन बटणं, हातभर अंतरावर. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच पातं खाली येतं, म्हणजे हात पात्याखाली सापडणं शक्यच नाही. पंधरा दिवस पाहणार, मग कायम करणार. दोन वर्षांपूर्वी मैदानात भाषण करताना माझ्यावर वीज पडली, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. गोंद लावणाऱ्या मावशी म्हणाल्या, एवढी वीज पडली तरी तोंड शाबूत राहिलं की रे तुझं! मी पोट धरून हसलो.

गुरुवार, ६
डाव्या हाताला मुंग्या, आत निखारे. तो बटणावर आहे की नाही, पाहिल्याशिवाय कळत नाही. घसरतो आणि पातं अडतं. फोरमन म्हणाला, भाषण आटोपलं असेल तर कागद कापा, पुढारी. कारखान्याच्या डॉक्टरांनी रिपोर्ट चाळले: सगळं नॉर्मल, मनाचे खेळ. विजेने नसा माझ्या जळाल्या आणि खोटाही मीच! या लोकांपुढे मी हात टेकणार नाही.

शुक्रवार, ७
डावं बटण चिकटपट्टीने कायमचं दाबून टाकलं. आता उजवा हात पुरतो. दुप्पट काम. फोरमनने पाठ थोपटली.

मंगळवार, ११
गठ्ठ्याच्या कडेला लाल रेघ. शाई वाटली. मावशी किंचाळल्या. माझ्या डाव्या मधल्या बोटाचं टोक कातरणांत पडलेलं— दुखलं नाही. जरासुद्धा नाही. मावशींना शपथ घातली, फोरमनला सांगू नका. पण हात पात्याखाली नेला कोणी? मी नाही.

बुधवार, १२
बँडेज बांधून कामावर. डावा हात कमरेच्या पट्ट्याला बांधला. दुपारी पाहतो तर सुटलेला. पात्याच्या रेषेत, पालथा— वाट पाहत असल्यासारखा.

गुरुवार, १३
चिकटपट्टी सगळ्यांदेखत उपटली. ही चूक माझी, ओरडून सांगितलं. पण हात मेलाय हेही खरं. ते लिहून द्या, आणि झेपेल ते काम द्या! फोरमन म्हणाला, नाटकं पुरे, घरी जा. मावशी उसळल्या— पोराचं बोट तुटलं तरी हूं की चूं नाही, हे नाटक? तेव्हा कुठे फोरमन नमला: उद्या डॉक्टर पुन्हा तपासणार. पुरावा ही वही.

शुक्रवार, १४, सकाळ
उजव्या हाताला मुंग्या. पेन बोटांत आहे— दिसतं, कळत नाही.
असू दे. रिपोर्ट कोरा असेल, वही कोरी राहणार नाही. डोळे मिटूनही लिहीन. हे मिटले. हात कुठे आहे माहीत नाही— तरी लिहितोय— अजून लि