उजव्या सोंडेचं चित्र

चऱ्होली,
ता. १० डिसेंबर १९५६

चि. ज्योतीराम यास,

तुझ्या इंदुताईचे आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल. ज्वारी पोटरीला आली आहे आणि यांना कारखान्यात दिवसपाळी मिळाली.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग घाबरले. इतकी वर्षं तू भांड्यांवर नावं घातलीस, ती सरळच घालायची. छापखान्यात तांब्याच्या पत्र्यावर मात्र सगळं उलटं कोरायचं, तेव्हा कागदावर सुलटं उमटतं. खालचं ‘श्री गजानन प्रसन्न’ आठवणीने उलटं कोरलंस आणि नेमका देवालाच विसरलास, वेड्या! डाव्या सोंडेचा गणपती छापून उजव्या सोंडेचा झाला. एवढं कडक दैवत घरोघरी जाऊन बसलं, आणि आता मालक म्हणतो, एकूण एक चित्र परत आण, नाहीतर कामावर येऊ नकोस.

गणपतीत तू इथे वाटलेली चित्रं मी दारोदार फिरून गोळा केली. शेजारच्या भागूबाईने तर भीतीपोटी फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं. सगळी मिळाली, एक सोडून. ते आमच्याच भिंतीवर आहे.

चित्र लागलं त्या दिवसापासून सासूबाई कुणाला देवाजवळ फिरकू देत नाहीत. “उजव्या सोंडेचा हाय, त्याचं सोवळं मीच करनार!” पाणी त्याच आणतात, नैवेद्यही त्याच रांधतात. मला बसून खायची सवय लागली आहे.

दृष्ट लागेल म्हणून लिहायचं टाळत होते. मागे दोनदा काय झालं ते तुला माहीत आहे. या खेपेला सगळं नीट आहे रे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, विश्रांती मिळाली म्हणून. सासूबाई म्हणतात, त्याने दिलं. मला दोन्ही पटतं, आणि मी फार सुखात आहे.

तरी काल तुझ्यासाठी चित्र उतरवायला गेले. त्यांनी हात धरला. माझ्या भावाचं काम जाईल म्हणून मी रडले, तशा त्या म्हणाल्या, “कशाचं जातंय! त्यो आपल्या पायानं आलाय, जायाचा न्हाई. मालकाला मीच सांगते.”

तेव्हा रविवारी गठ्ठा घेऊन हे येतील आणि सोबत सासूबाईही. मालकाला आधी कल्पना देऊन ठेव. त्यांच्यापुढे आजवर कुणाचं चाललेलं नाही.

बारशाला ये. बाळाच्या वाटीवर नाव तूच घालायचं. ते मात्र सरळ घाल.

तुझी, आणि आता आणखी कुणाची तरी,
इंदू