डब्याची खोली

३ नोव्हें., सोम.
अभ्यासिकेतली मागची डब्याची खोली बंद केली. मुली दुपारी तिथं गोल करून डबे खायच्या, तासभर दंगा. पोरांच्या तक्रारी यायच्या. आता तिथं सहा टेबलं बसली. अभ्यासिका चाळीस जागांची झाली. डबा ज्यानं त्यानं जागेवर खायचा, पंधरा मिनिटांत. पाटी मीच लिहिली. अक्षर बरं आलंय.

८ नोव्हें., शनि.
स्पर्धा परीक्षेचा निकाल लागला. सारिका परत राहिली, दोन मार्कांनी. राधानगरीकडची पोर, तिसरी खेप. दुपारी १४ नंबरच्या तिच्या जागेवर डबा उघडून रडत बसलेली. सगळे बघायला लागले. मी जाऊन म्हणाले, "रडायचं असंल तर घरी जा बाई, हितं लोक अभ्यासाला येतात." तिनं डबा तसाच झाकला. आवाज जरा चढलाच माझा. असो.

१३ नोव्हें., गुरु.
सारिका सोमवारपासून नाही. फोन बंद. १४ नंबर वेटिंगमधल्या पोरीला दिला. जागा अडवून कशाला ठेवायची.

१७ नोव्हें., सोम.
तेजूला विचारलं, सारिकाच्या खोलीवर राहते ती. "गावाकडं हाय. कुणाशी बोलत न्हाई. म्हशींचं बघती आन् झोपती."
मी म्हटलं, आजकालच्या पोरी नाजूकच.
"नाजूक असती तर दोनदा पडून परत आली असती व्हय, काकू? दोन्ही टायमाला त्या डब्याच्या खोलीत आम्ही होतो की."
मला वाटायचं माझ्या शिस्तीवर चाललंय सगळं. जेवण गेलं नाही.

२३ नोव्हें., रवि.
तेजूला घेऊन एस.टी.नं सारिकाच्या गावी. भाकरी, वांगं, खर्डा बांधून. सारिका गोठ्यातून आली, मला बघून दारातच थांबली. तेजूनं काही न विचारता बाहेरच्या सोप्यात पेपर अंथरला, डबा उघडला. दोघी जेवल्या. मग बोलल्या. मग एकदा हसल्या पण. मी कडेला. माफी मागायला गेलेले, आणि विचारलं काय तर खर्डा तिखट झालाय का.
निघताना म्हणाली, "काकू, माझ्या जागेवर कोण बसतंय?"
"कोण न्हाई गं. तुझीच हाय."
तोंडावर खोटं बोलले. एवढी मोठी बाई मी.

२४ नोव्हें., सोम.
१४ नंबरच्या पोरीला उठवायला गेले. गगनबावड्याची, नवीन. भिंतीकडं तोंड करून डबा खात होती, एकटी. नाही उठवलं. एकीचं केलं तेवढं पुरे.

२६ नोव्हें., बुध.
मागच्या खोलीतली सहाही टेबलं खाली माझ्या घराच्या हॉलमध्ये. टीव्ही आत. भाऊ म्हणाला, "तुझं डोस्कं फिरलंय." फिरू दे. अभ्यासिकेतलं माझं बसायचं टेबल सारिकासाठी ठेवलंय. मी जिन्यात स्टूल टाकून बसते. पाटी काढली.

१ डिसें., सोम.
खोलीत आज आठजणी. दंगा. एक पोरगा तक्रार घेऊन आला, त्याला म्हटलं तूबी डबा घेऊन बस जा. गगनबावड्याची दारापाशी बसली, पण बसली.
तेजूला सारिकाचा मेसेज आलाय. "खर्डा कुणी केलता?" तेजूनं कळवलं, काकूंनी. त्यावर काही नाही.
तिची जागा दुसरीला दिली, हे मीच सांगायला पाहिजे. माफी पण राहिलीय. मेसेज तीनदा लिहिला, तीनदा पुसला. आता फोनच लावते. उचलला तर आधी माफी, मग जागेचं.