काळी नव्हे, जळलेली

बुलढाणा, ७ एप्रिल १९६३, रविवार

उद्या वाटणी. धाकट्या शंकरभाऊजींनी वणव्यात जळलेला टेकडीचा उतारच मागितला आहे. मोहफुलं वेचायला कुणीतरी झाडाखालचा पाला पेटवला आणि आग आमच्या झाडीतून वर गेली. आता उतार काळाभोर दिसतो, म्हणून स्वारी खूश. "वहिनी, जमीन काळी झाली न! पाहा आता कशी पऱ्हाटी येते." काळी म्हणजे कापसाची कसदार माती. राखेला काळी म्हणतात का?

संध्याकाळी त्यांना वर घेऊन गेले. खुरप्याने राख सारली, तांब्यातलं पाणी ओतलं. मुरेना. तेलकट तव्यावरून जावेत तसे थेंब घरंगळले. म्हटलं, पाला कुजून वर्षानुवर्षं साठलेला कर्ब पाणी धरत होता, झाडांना पोसत होता. तो धूर होऊन गेला. उरलेला कोळसा मातीत शंभर वर्षं राहील, पण पिकाच्या पोटात जाणार नाही. राख तर पावसासरशी नाल्यात. त्यापेक्षा खालचं शेत घ्या.

हसले. "खालचं घ्या म्हन्ता, म्हणजे वरचं तुमालेच पाह्यजे. कॉलेजात हेच शिकवलं काय?"

घरी येऊन ह्यांना सांगितलं. "मागतो ते देऊन टाकू," एवढंच म्हणाले. थोरल्या भावाने अडवायला नको? की खालचं शेत आपल्याकडे येतं म्हणून गप्प? आणि मी? पुन्हा सांगायला का गेले नाही?

ते पाणी डोळ्यांपुढून हलत नाही. एक थेंब मुरला नाही. सगळं खाली वाहिलं, उद्या आमच्या होणाऱ्या शेताच्या दिशेने.