शेठजी वाळूखाली गेलाय

प्रिय चिंगे,

मला पत्रं लिहायची सवय नाही, त्यात हात दुखतायत, तेव्हा अक्षराला हसू नकोस. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यातली दोन माणसं सोडून गेली. आता चादरींच्या इस्त्रीयंत्रावर मी एकटाच. घरी येतो तेव्हा खांद्यांचा दगड झालेला असतो, बूट काढायचाही कंटाळा येतो. पण तिन्हीसांजेला तुझे शंखातले खेकडे पेटीची काच खरवडायला लागतात, मग उठावंच लागतं.

आई गेल्यावर तू आपलं घर सोडून तुझ्या बाबांकडे राहायला गेलीस तेव्हा हे दोघे माझ्या गळ्यात पडले, असंच मला वाटलं होतं. तुझी आई असताना मी त्या काचपेटीकडे ढुंकूनही बघत नसे. शंखाला पाय फुटलेत, त्याचे कसले लाड, असं म्हणायचो आणि तुम्ही मायलेकी माझी टर उडवायचात. निघताना तू बजावलं होतंस, काका, नळाचं पाणी तसंच घालू नका. मी मान हलवली, पण डोक्यात काही शिरलं नव्हतं. तुझ्या आईला जाऊन जेमतेम महिना झाला होता.

सुरुवातीला मी आपलं माझ्या ताटातलंच काहीबाही टाकायचो. दोघे शिवायचेसुद्धा नाहीत. शेवटी प्राण्यांच्या दुकानातल्या बाईंकडे गेलो. त्यांनी आधी मला चांगलं झापलं, मग नीट समजावलं. आता बिनमिठाचं उकडलेलं अंडं देतो, त्याचंच कवच कुटून घालतो. गाजराचा कीस, ओल्या खोबऱ्याचा तुकडा, कधी सुकी कोळंबी. एका वाटीत क्लोरीन घालवलेलं गोडं पाणी, दुसरीत समुद्री मिठाचं. उरलंसुरलं सकाळी कामावर जायच्या आधी काढतो, नाहीतर बुरशी धरते. मी स्वतः चहा-ब्रेडवर भागवतो. तुझ्या आईला हे कळलं असतं तर माझी खैर नव्हती.

दोघांतली लगबग पहिल्यांदा हातावर आली ती चिमटा काढूनच. तळहात ताणून सपाट धरायचा, म्हणजे चिमटा बसत नाही, हे त्यानंतर कळलं. शेठजीने मात्र पुष्कळ दिवस भाव दिला नाही. मी हात ठेवून बसायचो, तो शंखात बसायचा. बसल्याबसल्या कितीदा तरी माझा डोळा लागायचा. मग एका संध्याकाळी तळहाताला गुदगुल्या झाल्या. मिश्या फिरवत, चाचपत तो आला आणि माझ्या हातावरचं खोबरं कुरतडायला लागला. मी हललो नाही. तुझ्या आईला शेवटीशेवटी मी भरवायचो. त्यानंतर माझ्या हातून कोणी खाल्लं नव्हतं.

मागच्या आठवड्यात तुझ्या बाबांचा फोन आला. रविवारी गाडी घेऊन येतो, पेटी नेतो, म्हणाले. मी हो म्हटलं. पण दुसऱ्याच दिवशी शेठजी वाळूत गेला. कात टाकायला जातात ते असे. आत अंग अगदी मऊ पडतं, अशात उकरलं किंवा पेटी हलवली तर जगत नाहीत. वर कधी येईल ते दुकानातल्या बाईंनाही सांगता येत नाही. मी फोन करून तसं कळवलं. ते म्हणाले, “बहाणे पुरे झाले हो. पोरीचं आहे ते पोरीला द्या.” माणूस वाईट नाही. त्यांच्या जागी मी असतो, तर मीही असंच बोललो असतो.

म्हणून हे लिहायला बसलो. बहाणा नाही, असं लिहिणार होतो, पण तुझ्याशी कशाला खोटं बोलू? शेठजी खरंच वाळूखाली आहे, आणि मला बरंही वाटलं. तू फोन करतेस तो त्यांनी खाल्लं का, हे विचारायला. मग जाताजाता विचारतेस, “आणि तुम्ही?” खेकडे गेले की तुला फोन करायला कारण उरणार नाही, या धास्तीने मला कामावरही काही सुचत नाही. आई होती तोवर आपलं काहीतरी नातं होतं. आता त्याला काय म्हणायचं, मला ठाऊक नाही. तेवढं थांबायचं तूच तुझ्या बाबांना सांग, माझं ते ऐकणार नाहीत. शेठजी वर आला की न्यायला तू स्वतः ये. दोघांनाही ने, एकेकटे ते राहत नाहीत. आणि त्यानंतरही अधूनमधून फोन करत जा, बाळा. खेकड्यांचं विचारायचं नसलं तरी.

तुझाच,
काका