कूलरसमोरची खुर्ची

भूम, बुधवार. दिवस मावळलाय, भिंती अजून तापलेल्याच.

आज त्या खुर्चीत बसले नाही. नाहीच बसले!

महेशनं माझ्या संधिवातासाठी म्हणून कूलर आणला. पोरगं मायेनं करतंय, कळतं मला. पण त्या ओल्या वाऱ्यात तासभर बसलं की गुडघे असे आखडतात, उठताना देव आठवतो. किती वेळा सांगायचं? सून रेखाचं आपलं एकच, "आत्या, ऊन लई हाय, गार हवेत बसा."

माझं दुखणं मी इतकी वर्षं सांभाळलंय. उजाडता उजाडता अंगणात चकरा, मग गरम पाण्याचा शेक, दुपारी कडुलिंबाखाली बाज. हलत राहिले तरच पाय ऐकतात. हे काय कुणाला विचारून करू?

दुपारी रेखानं हाताला धरून पुन्हा खुर्चीशी नेलं. ती स्वयंपाकघरात वळली, तशी मी अंगणात वाळलेल्या कुरडयांची परात आणून त्या खुर्चीत ठेवली आणि सरळ बाजेवर जाऊन बसले. थोड्या वेळानं तिचा आवाज, "आत्या! कुरडया कूलरसमोर ठेवल्या व्हय? दमट हवेनं समद्या मऊ पडतील की!"

"आन् माझे गुडघे?" म्हणाले.

तिनं परात उचलली. मग परात आत ठेवून आली आणि ती खुर्ची उचलून कडुलिंबाखाली आणली.

"बसा," म्हणाली.

लगेच कशाला बसू? आधी अंगणात दोन चकरा मारल्या.