टोपलीतल्या दोघी

कोऱ्हाळे बुद्रुक,
मंगळवार, ता. ९ जून १९३६

तीर्थस्वरूप म्हस्कूमामांच्या चरणी भाचा अप्पा याचा नमस्कार.

इकडे सर्व ठीक. पाटाला पाणी आले, उसाची खुरपणी आटोपली. मामींचा गुडघा कसा आहे?

पत्राचे कारण, बियाण्याच्या खोलीतले उंदीर आवरायला आपण गेल्या साली दिलेल्या दोन धामणी. उंदीर गेले, त्याबद्दल तक्रार नाही. पण एक धामण पोटात फुगली आहे, काही खात नाही. अंडी असावीत. आई म्हणते, "धामण म्हंजी बाईच. तिचा दादला नाग. हिच्या पोटात अंडी हायेत म्हंजी त्यो घरात येऊन गेला. मारा दोघींना."

मी घाबरलो. रतन घाबरली नाही. त्यांना तीच हाताळते. मी एकदाही हात लावलेला नाही, हे आपल्याला कळवले नव्हते.

सासूचे ऐकून ती म्हणाली, "मामांनी सांगितलंय नव्हं? मादीची शेपटी एकदम निमुळती व्हती, नराची लांबवर जाड ऱ्हाती. दोघांतला एक नर निघाला की आत्याबाईंचा नाग खोटा."

म्हणून काल दुपारी ती आत शिरली. खोलीला खिडकी नाही. मी दारात कंदील धरून उभा. फुगलेली धामण तिने चाचपली, "ही मादी" म्हणाली आणि न बघताच मागच्या टोपलीत सोडली. मग दुसरीसाठी वाकून पोत्यांखाली हात घातला. वाकणे तिला आता जड जाते. मामा, रतनला सातवा महिना आहे. आईने कोणाला कळवू दिले नाही, आधीची दोन राहिली नाहीत म्हणून.

हात आत असतानाच ती हसली. "घावला! जाड हाय शेपटी. ह्यो नर. सांगा आता आत्याबाईंना!"

मी टोपलीकडे पाहत होतो. टोपलीत दोघी होत्या. दुसरी आधीपासूनच तिथे वेटोळे करून बसलेली. रतनची पाठ होती, तिला दिसले नाही.

ओरडलो असतो तर तिने हात हिसडला असता. म्हणून नेहमीच्या आवाजात म्हणालो, "रतन, जेवायला वाढ."

"आत्ता? आत्ताच तर हादडलं की!"

"वाढ म्हणतो ना."

पुटपुटत तिने शेपटी सोडली, हात काढला. मी कुलूप घातले आणि दुसऱ्यांदा जेवलो. ती समोर बसून हसत होती.

किल्ली माझ्या करदोट्याला आहे, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या आहेत. रतन म्हणते, "उपाशी मरतील की वो ती." तिच्या हाताकडे मला बघवत नाही. तिला काही सांगितलेले नाही. धास्ती घेऊन हेही राहिले नाही तर?

तो धामणीचाच नर असेल. असेलही. मला दार उघडवत नाही.

शेजारचे हिंदुराव इंदापूरमार्गे आपल्या बावड्यास निघाले आहेत, त्यांच्या हाती हे देतो. परतीला त्यांच्याच गाडीत बसा. आपण आलात की रतनला मी मळ्यात नेईन. मग खोली उघडा. आतून काहीही निघो, तिला मात्र धामणच होती म्हणून सांगा. आपला शब्द ती खरा मानते.

दाराला पाठ लावून बसलेला,
आपला अप्पा