तुझा कागदावरचा पगार

आई, हल्ली पोरं माझ्याकडं हिशेब विचारायला येतात. कुणाचं वेल्डिंगचं दुकान, कुणाचा टेम्पो. टॅक्स भरताना खर्चात काय काय धरता येतं, ते मी माझ्या अर्ध्यामुर्ध्या शिक्षणावर सांगतो. दुकानाचं भाडं, लाईटबिल, तांब्याच्या तारेची पावती, सगळं जपा म्हणतो. घरच्या माणसाच्या मजुरीपाशी आलो की मात्र तू आठवतेस.

उंब्रजचं आपलं मोटर भरायचं दुकान. उन्हाळ्यात विजेचा दाब पडला की विहिरींवरच्या मोटरी जळायच्या आणि शेतकरी दारात बसून राहायचे. जळकी तार मी उपसायचो, नव्या तारेची वेटोळी तू गुंडाळायचीस. कराडच्या टॅक्सवाल्या साहेबांनी विचारलं, "दुकानात घरचं कोण राबतं?" मी तुझं सांगितलं. ते म्हणाले, "मग त्यांना पगार द्या, खर्चात धरता येईल. पण खरोखर द्या आणि सही घ्या." मी त्यातली सही तेवढी ऐकली.

त्या वर्षीचा मार्च संपत आलाय. वर्षभराच्या पगारपावत्या मी एकदमच तुझ्यापुढं मांडतो, प्रत्येकीवर रेव्हेन्यू स्टॅम्प. तू रॉकेलनं हाताला लागलेलं तारेचं व्हार्निश काढतेस आणि एकेक अक्षर जपून सही करतेस. "एवढा पगार हाय व्हय रं मला? लय मोठी सायबीण झाले की!" आपण दोघं हसतो.

पुढच्याच महिन्यात जतला तुझ्या भाचीचं लग्न निघालं. दुकानात गिऱ्हाईक बसलेलं. तू हळूच म्हणालीस, "माझ्या पगारातलं दोनशे दे की. आहेराला लुगडं घ्यावं म्हणते." आणि मी त्या गिऱ्हाइकाकडं बघून मोठ्यानं म्हणालो, "घ्या! आमच्या म्हातारीला खरंच वाटाय लागलंय, पगार हाय म्हणून."

"आवं काकी, पोराला लुटताय व्हय?" तो हसला. तूही हसलीस. पैसे गल्ल्यात होते, आई. नव्हते असं नाही. लग्नाला जाताना तू पेटीतलं तुझंच लुगडं, घडी न मोडलेलं, आहेराला नेलंस. पुढच्या मार्चला मी कागद पुढं केले, तेव्हा किती लिहिलाय एवढंही विचारलं नाहीस. हात धुतलेस आणि सही केलीस.

तू आता नाहीस, हे कुठं धाडायचं नाही, म्हणून तर लिहिता आलं. पोरांना आता ठासून सांगतो, पगार आधी हातात ठेवा, मग सही घ्या. परवा एकानं विचारलं, "आबा, तुमी तुमच्या आईला देत होता का?"

मी म्हणालो, "व्हय तर. दर महिन्याला."